सोनटक्क्याची तपासणी

तुमच्या नव्या घराचे फोटो आले तेव्हा मी फोनवर एवढंच विचारलं, "उन्हाळ्यात कसं असतं ते?" तुम्ही दोघांनी लगेच विषय बदललात. नंतर तुमची आई म्हणाली की मुलांना वाईट वाटलं, आजीनं कौतुक केलं नाही. घर छान आहे. खिडक्या मोठ्या आहेत, समोर झाडं आहेत. पण हा प्रश्न विचारायची सवय मला नागपूरच्या एका घरमालकांनी लावली आणि ती आता या वयात सुटणार नाही. तेव्हा त्या माणसाबद्दलच लिहून पाठवते. एरवी मला सगळं क्रमानं सांगायला आवडतं, पण हे गृहस्थ क्रमात बसणारे नव्हते. जसे आठवतील तसे लिहिते. हात दुखतो, म्हणून थांबत थांबत.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. धरमपेठेत त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. तुमचे आजोबा सरकारी कचेरीत होते आणि मी सदरमधल्या मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. मालक शाळाखात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणे, आम्हीही म्हणू लागलो. खाकी अर्धी चड्डी, नोकरीतली जुनी सोला हॅट आणि एक उंच सायकल. तिच्या कॅरियरला बाराही महिने एक ओलं पोतं बांधलेलं असे. पोतं कशाला ते मला पहिल्या वर्षी कळलं नाही, आणि विचारायला मला वेळ नव्हता.

त्यांच्या बागेत गुलाब नव्हता, शेवंती नव्हती. सगळी बाग आल्याच्या कुळातली. खायचं आलं नव्हे, फुलांसाठी लावतात ते. पांढरा सोनटक्का तुम्ही कधी पाहिला नसेल. पुरुषभर उंचीचा हिरवा दांडा, त्याच्या टोकाला संध्याकाळी उमलणारं पातळ, फुलपाखरासारखं फूल आणि त्याचा वास थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. त्याशिवाय दार्जिलिंगहून आणवलेला पिवळा सोनटक्का, भिंतीकडे शिंपल्यांच्या माळेसारखी फुलं लोंबणारं एक आलं आणि लाल कणसासारखं पेव. ही सगळी ओल्या, सावलीच्या मुलखातली झाडं. नागपुरात मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, अशा गावात ती जगवायची म्हणजे माणूस हट्टीच लागतो.

हट्ट किती, तर घरातला कुलर त्यांनी उलटा बसवला होता. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा मोठा पत्र्याचा कुलर होता, पण त्याचं तोंड बागेकडे. गार वारा सोनटक्क्याला, आणि घरात काकू पदरानं वारा घेत बसलेल्या. आमच्याकडे भांडी घासायला गिरजाबाई येत. त्यांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हातातली राख तशीच धरून त्या उभ्या राहिल्या.

"काकाजी, कुलर तिकडं काहून लावला जी? अद्रकाले पसीना येऊन राहिला का?"

"येतो," काकाजी म्हणाले. "पानाच्या कडा पाहा. तुम्हाला बोलता तरी येतं, गिरजाबाई. त्याला बोलता येत नाही."

"काकूले येते बोलता?"

काकाजींनी हॅट नीट केली आणि पेवाकडे वळले. काकूंनी शेवटी आपली बाज बाहेर काढून वाफ्याशेजारी टाकली आणि उन्हाळाभर दुपारी तिथे, सोनटक्क्याच्या वाटणीच्या वाऱ्यात झोपू लागल्या. भांडण झालं नाही. त्या घरात भांडण होत नसे. काकू काही बोलायच्याच नाहीत, जागा बदलायच्या.

मी संध्याकाळी शाळेतून येई तेव्हा पाय ओढत येत असे. खांद्यावर तपासायच्या वह्या, बसमध्ये उभं राहून कंबर धरलेली, घरी स्वयंपाक बाकी. फाटक वाजलं की काकाजी वाफ्यातून डोकं वर काढत.

"बाई, जरा इकडे येऊन पाहा नं."

"काकाजी, उद्या पाहते."

"उद्या पाहून काय करता? उद्या तो उघडून गेला राहील. आज तो डोळा आहे. डोळा पाहायचा असतो."

मग मी वह्यांसकट वाकून मातीतून वर आलेला एक गुलाबी कोंब पाही आणि छान आहे म्हणे. त्यावर ते ठरलेलं वाक्य बोलत, "आता नका म्हणू. मे महिन्यात सांगा."

हे वाक्य ते सगळ्यालाच लावत. मी नवी साडी नेसले तर रंग मे महिन्यात पाहू. तुमच्या आजोबांना नवे साहेब आले, फार सज्जन आहेत असं आजोबा म्हणाले, तर, "मे निघू द्या." तुमच्या आईचा जन्म झाला तेव्हा सगळ्या गल्लीनं बाळ गुटगुटीत आहे म्हटलं. काकाजी पाळण्याशी आले, हॅट काढली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चांगली आहे. उन्हाळ्यात पाहू." मी इतकी दमलेली होते की मला रागही आला नाही.

फूल ते कोणालाही देत नसत. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या वेळी आजूबाजूच्या बायका परड्या घेऊन येत. सोनटक्का तेव्हा अगदी भरात असतो.

"संध्याकाळी उमलतो, सकाळी मलूल," ते फाटकातच सांगत. "एका रात्रीसाठी काय नेता? मृगाच्या आधी या, कंद देतो. कायमचं न्या."

"महालक्ष्म्या आज आहेत नं काकाजी, मृगाला नाहीत."

"मग झेंडू वाहा. झेंडूला काही वाटत नाही."

स्वतःच्या घरच्या महालक्ष्म्यांनाही ते खुडू देत नसत. पण ते सायकल घेऊन बाहेर पडले की काकू मागच्या बाजूनं जात आणि दोन्ही उभ्या महालक्ष्म्यांपुरती फुलं काढून आणत. संध्याकाळी काकाजी आरतीला उभे राहत आणि समोरची फुलं दिसलीच नाहीत असं दाखवत.

कंद मात्र देत, आणि मनापासून देत. ओल्या फडक्यात गुंडाळून, डोळा वर ठेवून, कुठे लावायचा, कोणत्या दिशेची सावली हवी ते सांगून. पुढे पावसाळ्यात किंवा थंडीत तुमचं झाड कसं आहे हे ते एकदाही विचारत नसत. कोणी आपणहून सांगू लागलं की फार जोमात आहे, तर ऐकूनही घेत नसत. भाद्रपदात कोणाचीही बाग चांगलीच दिसते म्हणत. मे लागला, शाळांना सुट्या लागल्या, की हॅट घालून, मानेवर ओला टॉवेल टाकून, सायकलीवर ते निघत. ज्यांना ज्यांना कंद दिला त्या घरी, न कळवता, दुपारी, उन्हाच्या अगदी कडक वेळी. शाळांचं इन्स्पेक्शनही ते असंच करत, असं काकू सांगत. शिक्षक जेवायला बसलेले असत.

कंद नीट असला तर पाणी पिऊन परत. नसला तर तो खणून, ओल्या पोत्यात गुंडाळून परत. पोत्याचा उलगडा मला असा झाला.

सिव्हिल लाइन्समध्ये एका वकिलांचा बंगला होता. त्यांची मुलगी माझ्या वर्गात. वकिलीणबाईंनी काकाजींकडून शिंपल्यांच्या फुलांचं आलं नेलं होतं आणि ते हिरवळीच्या कडेला, चुन्यानं रंगवलेल्या भिंतीपाशी लावलं होतं. दिसायला सुंदर, पण पश्चिमेचं ऊन, त्यात भिंतीची धग. काकाजी मे महिन्यात गेले तेव्हा पानं कागदासारखी वाजत होती.

बाई मला शाळा उघडल्यावर हे सांगत होत्या. त्यांचा राग तोवर अर्धा हसण्यात गेला होता. "मी म्हटलं, माळ्याला सांगते, जागा बदलतो. तर म्हणतात, 'माळ्याची काही चूक नाही, तुमचीही चूक नाही. जागा मानवली नाही.' आणि आमच्याच माळ्याकडून फावडं घेऊन आमच्याच बागेत खणायला बसले हो. यजमान घरी होते. आत पक्षकार बसलेले. ते विचारतात, कोण आहे बाहेर? मी काय सांगू?"

मी खाली मान घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी काकाजींना म्हटलं, "माझ्या विद्यार्थिनीचं घर होतं ते."

"हो? मग अभ्यासात कशी आहे?"

"बरी आहे."

"जून आहे. आत्ताच काय सांगता," ते म्हणाले.

आता जे सांगायचं ते सांगते. काकाजींना एकच मुलगी. तिला सगळे बेबीताई म्हणत. बी.ए. झालेली, माझ्याहून थोडी लहान. आम्ही राहायला आलो त्याआधीच तिचं लग्न झालं होतं. सासर भिवापूरला, जुन्या मालगुजारांचं घर. मिरचीची शेती आणि मिरचीचाच व्यापार. माणसं चांगली. हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल की सासू छळणारी होती. सासू छळणारी नव्हती.

बेबीताईला मी दरवर्षी पाही ती भाद्रपदात. तिच्या सासरी महालक्ष्म्या नव्हत्या, म्हणून ती माहेरच्या महालक्ष्म्यांना येई. हसरी, भरल्या अंगाची, हातभर बांगड्या. पुरण वाटता वाटता मला कॉलेजच्या गमती सांगे. काकाजी तिला येताना पाहत, जाताना पाहत आणि काकूंना म्हणत, "चांगली आहे." काकू मान हलवत. होही नाही, नाहीही नाही.

मग एका फाल्गुनात तिच्या नणंदेच्या लग्नाला काकू एकट्याच भिवापूरला जाऊन आल्या. काकाजींना तेव्हा पिवळ्या सोनटक्क्याच्या मुळांना कीड लागली होती, ते गेले नाहीत. काकू परत आल्या त्या खोकत. बरेच दिवस खोकत होत्या. मी काढा करून नेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाई, घरात पाय ठेवला की डोळ्याला पाणी. अंगणात मिरची, ओसरीत मिरची, कोठी तर आढ्यापर्यंत भरलेली. देठ खुडायला बसलेल्या बायका नाकाला फडकं बांधतात. आमची बेबी पौष लागला की धापा टाकते, ते पाऊस पडून कोठी धुवेपर्यंत. रात्र रात्र बसून काढते. मला कधी बोलली नाही."

"काकाजींना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, लग्नघर होतं, धूर असणारच."

मग त्यांनी सांगितलं की ते स्थळ काकाजींनी स्वतः पाहिलं होतं. एकटे गेले होते, न कळवता, इन्स्पेक्शनला जावं तसे. भाद्रपदात. अंगण शेणानं सारवलेलं, विहीर तुडुंब, कोठी रिकामी आणि धुतलेली, आत पोरं लपाछपी खेळत होती. परत येऊन ते काकूंना म्हणाले होते, घरात उजेड भरपूर, हवा खेळती.

मी काढ्याचं भांडं घेऊन आमच्या खोलीत आले. वह्या तपासायच्या होत्या, पण तपासल्या नाहीत. मे महिन्याचं वेड त्या माणसाच्या डोक्यात कुठून शिरलं होतं ते मला कळलं. आणि हेही कळलं की त्यांना सगळं ठाऊक होतं. सगळ्या नागपूरला दिलेले कंद ते मे महिन्यात पाहायचे, आणि मुलीला फक्त भाद्रपदात. कारण नोकरीत त्यांनी एकदा दिलेला शेरा कधी बदलला नव्हता. हे ते अभिमानानं सांगत.

त्याच वर्षीचा मे. सुट्या लागल्या होत्या, मी घरी होते. काकाजी उन्हातून आले. कॅरियरवर पोत्यात गुंडाळलेला सोनटक्का, कोणाच्या तरी घरून परत आणलेला. चेहरा लालबुंद. पायरीवर काकू तांदूळ निवडत होत्या. मी तिथेच बसले होते.

"वाळवून टाकला होता," काकाजी म्हणाले. "गच्चीवर, डब्यात. म्हटलं, तुमची चूक नाही, पण मी घेऊन चाललो. अजून एक आठवडा राहिला असता तर गेला असता."

ते पोतं सोडू लागले. काकूंनी सुपातून मान वर केली नाही.

"बेबीलाही एकदा मे महिन्यात पाहून या."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही. काकाजींचे हात पोत्याच्या गाठीवर तसेच राहिले. मग त्यांनी गाठ सोडली, कंद पाण्याच्या टाक्यात ठेवला, हातपाय धुतले आणि आत गेले. मला वाटलं, इथेही काकू आता फक्त जागा बदलतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॅट घालून, टॉवेल ओला करून, सायकलीशिवाय निघाले. भिवापूरची बस धरायला.

तिथे काय झालं ते बेबीताईनं मला पुढे सांगितलं. काकाजी भर दुपारी अंगणात शिरले. उंबऱ्यापर्यंत लाल मिरची पसरलेली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांना शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. बोलता येईना. हॅट हातात घेऊन ते पायरीवर बसले. सासूबाईंनी लगबगीनं पाणी आणि गूळ आणून दिला.

"तुमाले सवय नाही नं जी, म्हणून. होते हळूहळू."

"हिला झाली का?" काकाजींनी विचारलं.

सासूबाईंनी पायाजवळची मिरची जरा बाजूला सारली. मग म्हणाल्या, "नाही झाली जी."

बेबीताई अगदी आतल्या खोलीत होती. खिडकीच्या फटीत ओल्या साडीचे बोळे कोंबलेले. ती उठून उभी राहिली, पण बाहेर यायला तिला दम पुरेना. काकाजींनी दारातून तिला पाहिलं आणि वळून सासूबाईंना म्हणाले, "तुमची काही चूक नाही. जागा मानवली नाही."

"वकिलीणबाईंना म्हणाले नं, अगदी तस्संच," बेबीताई मला म्हणाली. हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

काकाजी आणि बेबीताई त्याच संध्याकाळी आले. रिक्षा फाटकाशी पोचायच्या आधीच रस्त्यावरून खोकला ऐकू आला. काकूंना कोणी कळवलं नव्हतं, तरी त्यांनी दुपारीच मला आणि गिरजाबाईंना हाताशी घेऊन कुलरचं तोंड फिरवून ठेवलं होतं. गार वारा खोलीत, आणि खोलीत बाज. काकाजी आत आले, कुलर पाहिला. बेबीताईला मी ओळखलं नाही म्हटलं तर खोटं होईल, पण भाद्रपदातली ती ही नव्हती. गळ्याची हाडं दिसत होती. ती बाजेवर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून नुसता श्वास घेत राहिली.

त्या वर्षी पिवळ्या सोनटक्क्याची पानं अर्धी करपली. काकाजींनी बादलीनं पाणी घातलं, जेवढं झालं तेवढं.

बेबीताई हळूहळू सुधारली. आणि सुधारल्यावर तिला राग आला. याची कोणालाच कल्पना नव्हती. एका संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या होत्या, चहा झाला होता. त्यांनी विचारलं, मुलगी किती दिवस आहे? काकाजी म्हणाले, "आता इथेच राहील. मी तसं सांगून आलो."

"बाबा," बेबीताई म्हणाली, "तेव्हा तुम्ही पाहून आलात, चांगलं आहे म्हणालात, मी गेले. आता तुम्ही पाहून आलात, चांगलं नाही म्हणालात, मी आले. मला कोणी विचारून राहिलं का?"

शेजारच्या बाई उठल्या. काकाजी कपाकडे पाहत म्हणाले, "तुला तिथे श्वास घेता येत नाही."

"नाही येत. पण तिथे माझा नवराही आहे. तो काय भिंत आहे का चुन्याची?"

मृग लागता लागता जावई आले. सावळे, अबोल, धोतर-सदरा, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले. न्यायला आलेत की विचारायला, हे त्यांनाही नक्की ठाऊक नसावं. काकू पोहे करायला आत गेल्या. मी उठू लागले, तर बेबीताईनं माझा हात धरून बसवलं. तिला साक्षीदार हवा होता बहुतेक.

"घरात मिरची आहे तोवर मी येणार नाही," ती म्हणाली. "पाऊस पडला, कोठी धुतली, की येईन. मिरची आली की परत इकडे."

"म्हणजे अर्धं वर्ष?"

"जेवढं होईल तेवढं."

"लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही हसाल का?"

त्यांनी बराच वेळ तळहात पाहिला. "मी काहून हसू?" म्हणाले. मग, "मिरची माले सोडता नाही येत. आमच्या बाबांचं वय झालं. पण मी येत जाईन शनवारी. चालते का?"

"चालते," ती म्हणाली, त्यांच्याच बोलीत.

काकाजी वाफ्यात बसून सगळं ऐकत होते. त्यांनी नाइलाजानं बदललेला शेरा त्यांच्या मुलीनं पुन्हा बदलला होता. त्यांनी उठून हात झटकले आणि जावयांना विचारलं, "चहा घेणार नं?"

पौषात बेबीताई परत आली. आमच्या शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी मी तिचं नाव सुचवलं. ती माझ्याबरोबर बसनं येऊ लागली. गल्लीनं जे बोलायचं ते बोललं. नवऱ्यानं टाकली, हे तर बोललंच. कोणाकोणाला सांगणार. आम्ही दोघी बसची वाट पाहत उभ्या राहत असू आणि फारसं बोलत नसू. दिवसभर बोलून थकलेल्या असू.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आम्हाला घर देताना काकाजींची एकच अट होती. मागच्या नळावर साबण वापरायचा नाही. उतार असा होता की त्या नळाचं पाणी सरळ पिवळ्या सोनटक्क्याच्या वाफ्यात जाई, आणि तो वाफा त्यांचा सगळ्यात लाडका. मी एकदा तिथे एक हातरुमाल साबण लावून खळबळला, तर ते येऊन उभे राहिले आणि मी शेवटचा फेस बादलीत भरून पुढच्या नालीत ओतून येईपर्यंत हलले नाहीत.

जावई शब्द दिल्याप्रमाणे शनिवारी येत. भिवापूरची बस संध्याकाळी येई. ते फाटकातून आत आले की बेबीताईचा श्वास अडके. मिरची त्यांच्या सदऱ्यात, केसांत, पिशवीत, चपलांच्या पट्ट्यांत. पहिल्या शनिवारी ती त्यांच्याजवळ गेली आणि खोकत खोकत मागे फिरली. ते अंगणातच उभे राहिले, आत येईनात, परतही जाईनात. तेव्हा काकाजी घंगाळ, टॉवेल आणि स्वतःचं धुतलेलं धोतर घेऊन बाहेर आले आणि त्यांना मागच्या नळावर घेऊन गेले.

मग ते दर शनिवारचं झालं. जावई नळावर बसून डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून अंघोळ करत. आपले कपडेही तिथेच, धुण्याचा सोडा घालून, स्वतः धूत. सासूबाईंना धुवायला द्यायची त्यांना लाज वाटे. मग स्वच्छ धोतर नेसून आत जात, आणि आतून बेबीताईचं बोलणं ऐकू येई, खोकल्याशिवाय. साबणाचं, सोड्याचं आणि मिरचीचं पाणी वाफ्यात जाई. काकाजी टॉवेल हातात धरून ते जाताना पाहत.

एका रविवारी जावई बसनं परत गेल्यावर तुमचे आजोबा फावडं घेऊन मागे गेले. "काकाजी, एक चर खणू का? पाणी पलीकडे वळवून टाकू."

"नको," काकाजी म्हणाले.

"वेळ लागणार नाही. तासाभरात होईल."

"तो पाहील नं," काकाजी म्हणाले. "मी न्हाऊन राहिलो आणि सासरे माझं पाणी वळवून राहिले, असं वाटेल त्याला. मग एखाद्या शनवारी तो यायचा नाही."

आजोबांनी फावडं भिंतीला टेकून ठेवलं. त्या वर्षी मे महिन्याची वाट पाहावी लागली नाही. होळीच्या सुमारासच पिवळ्या सोनटक्क्याचे दांडे तळापासून पिवळे पडले, आणि कंद खणून काढले तेव्हा ते हातात मऊ लागले. काकाजींनी ते कोणाला दिले नाहीत, दुसरीकडे लावूनही पाहिले नाहीत.

उन्हाळ्यात त्यांनी गवंडी बोलावला आणि त्या वाफ्यावर एक मोठी शहाबादी फरशी बसवून घेतली, नळापासून पलीकडे जराशी कललेली, वर कपडे वाळत घालायला तार. शनिवारी जावई आले तेव्हा काकाजींनी त्यांना ती दाखवली आणि म्हणाले, "आता नीट बसता येईल तुम्हाला. खाली माती होती, पाय घसरत होता."